हक्क आला कुठून? लिबर्टेरियन विचार आणि डावी बाजू

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डाव्या शेतकरी कामगार पक्षाच्या घरात वाढलेत. आजोबांना कूळ कायद्यात, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला मालकी देणाऱ्या कायद्यात, जमीन मिळाली. विद्यापीठात शिकताना लिबर्टेरियन विचारवंत वाचनात आले आणि पटले. आता ते विचारतात, व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि मालमत्तेचा हक्क सगळ्यांत वर मानणारा माणूस डावा असू शकतो का? आणि तसं मानलं, तर आजोबांची जमीन म्हणजे सरकारी जोरावर दुसऱ्याकडून काढून घेतलेली मालमत्ता ठरत नाही का?

मी कोल्हापुरात बरीच वर्षं कूळ, वतन आणि वाटणीचे दावे चालवते. तत्त्वज्ञानाची मी प्राध्यापक नाही, पण मालकी कशाने सिद्ध होते हा प्रश्न माझ्या टेबलावर रोज येतो. त्यामुळे उत्तर तिथूनच देते.

जुळतं, हे माझं उत्तर. मालमत्तेचा हक्क जो मनापासून मानतो, तो आपल्या भागात राहून डोळे उघडे ठेवील तर डाव्यांच्या निम्म्या मागण्यांपर्यंत आपोआप पोचतो. उरलेल्या निम्म्यांवर भांडण आहे, आणि ते कुणाच्या गैरसमजातून आलेलं नाही. दोन्ही बाजूंना नीट समजून घेतल्यावरही ते शिल्लक राहतं.

इतिहास पटकन सांगते, कारण तो तुमच्या बाजूने आहे. १८५७ मध्ये जोसेफ देजाक या फ्रेंच कामगाराने प्रूधाँ या अराज्यवादी विचारवंताला एक खरमरीत पत्र लिहिलं. प्रूधाँ मालकशाहीवर तुटून पडायचा, पण बाईला मात्र दुय्यम ठरवायचा. देजाकचा सवाल होता, मालकाची सत्ता नको म्हणणाऱ्याला घरातल्या पुरुषाची सत्ता कशी काय चालते? त्या पत्रात त्याने लिबर्टेरियन हे नाव अभिमानाने वापरलं आणि १८५८ ते १८६१ या काळात न्यूयॉर्कमधून त्याच नावाचं पत्रही चालवलं. पुढे अमेरिकेत बेंजामिन टकर आला. तो स्वतःला समाजवादी म्हणवायचा आणि सरकारचा कट्टर विरोधकही होता. कामगाराची पिळवणूक चार मक्तेदाऱ्यांमुळे होते, असं त्याने १८८८ मध्ये मांडलं: पैसा आणि बँका, जमीन, आयात कर आणि पेटंट. या चारही सरकारने कायद्याने उभ्या केलेल्या. त्या काढा, मजूर आपोआप मोकळा होईल, हा त्याचा विश्वास. म्हणजे आज ज्याला आपण उजवा विचार समजतो, त्याचं बालपण डाव्यांच्या अंगणात गेलंय. उजवीकडचं वळण प्रामुख्याने विसाव्या शतकातलं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही रॉबर्ट नॉझिक हा अमेरिकन लिबर्टेरियन तत्त्वज्ञ वाचला असेलच. १९७४ मधली त्याची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. वस्तू मुळात न्याय्य मार्गाने मिळालेली असावी. नंतरची प्रत्येक देवघेव राजीखुशीची असावी. आणि या दोन्हींत कुठे अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त करावा. पहिल्या दोन पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. तिसरीपाशी फारसं कुणी थांबत नाही. नॉझिक थांबला होता. भूतकाळातले अन्याय इतके मोठे असू शकतात की ते निस्तरण्यासाठी काही काळ बऱ्यापैकी मोठं सरकारही लागेल, हे त्यानेच लिहून ठेवलंय.

जमिनीच्या दाव्यात आम्ही हीच तिसरी पायरी चढतो. आजच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं, एवढ्यावर कुठलाच वकील थांबत नाही. फेरफार नंबर धरून मागे मागे जायचं, ‘इतर हक्क’ बघायचे, जुना कागद मोडीत असेल तर वाचून घ्यायचा. कुठेतरी साखळी तुटते. तिथे खोटा अंगठा असतो, अज्ञान म्हणजे वयात न आलेला वारस असतो, किंवा वेठ असते.

महार वतन घ्या. गावाची आणि सरकारची कामं पिढ्यानपिढ्या, वेळी-अवेळी करायची. मोबदल्यात थोडी जमीन आणि खळ्यावरचं बलुतं. काम नाकारायची सोय नव्हती. लिबर्टेरियन विचाराचं पहिलंच वाक्य आहे की माणूस स्वतःच्या देहाचा आणि श्रमाचा मालक आहे. ते वाक्य हातात घेऊन वतनाच्या रजिस्टरसमोर उभं राहिलं, तर ती सगळी व्यवस्था पहिल्या ओळीतच कोसळते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात महार वतन मोडून जमिनी रयतावा केल्या, म्हणजे कसणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीच्या केल्या, आणि वेठही बंद केली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. मुंबई राज्यातली महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ उजाडलं. यांतलं कुठलं पाऊल डावं आणि कुठलं लिबर्टेरियन, हे मला वेगळं काढता येत नाही. माणूस मोकळा झाला आणि ज्या जमिनीवर त्याचा घाम पडला ती त्याला मिळाली.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचं नीट बघा. १९५८ च्या कायद्याखाली जमीन आधी सरकारजमा झाली, मग कब्जेहक्काची रक्कम भरून त्याच कुटुंबाला परत मिळाली. मिळाली ती नवीन शर्तीवर, म्हणजे वर्ग २. परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी मिळाली तरी बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत नजराणा सरकारला भरावा लागतो. आता शेजारच्या गटातली कुळाची जमीन बघा. तीही कूळ कायद्याच्या कलम ४३ ने बांधलेली होती. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून ती विकायला मोकळी होते. आकार म्हणजे शेतसारा, एकरी काही रुपयांत असतो. त्याचे ४० पट म्हणजे किरकोळ पैसे. बांधाच्या अलीकडे किरकोळ पैसे आणि पलीकडे निम्मा बाजारभाव, आणि पलीकडे कोण राहतं हे सांगायला नको.

ही बंधनं घातली कशासाठी? गरिबाची जमीन कुणी लुबाडू नये म्हणून. हा डावा, चांगल्या मनाचा हेतू होता. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्यासमोरच्या फायलींत दिसतं. घरात दवाखाना निघतो किंवा मुलीचं लग्न असतं. परवानगीसाठी प्रांत आणि कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारायला वेळ नसतो आणि नजराणा भरायला पैसा नसतो. मग नोटरीसमोर साठेखत होतं, ताबा दिला जातो, वटमुखत्यारपत्रावर सही होते. घेणारा म्हणतो, जमिनीला शर्त आहे, जोखीम माझी, भाव निम्मा. पुढे शर्तभंगाची नोटीस येते ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या घरी. ज्याच्या संरक्षणासाठी शर्त घातली, त्याच्याच मालाचा भाव त्या शर्तीने पाडला.

लिबर्टेरियन म्हणेल, या कुटुंबाला पूर्ण मालकी द्या, तुम्ही त्यांना अज्ञान बालकासारखं वागवताय. डावा म्हणेल, पूर्ण मालकी दिली तर शहराला लागून असलेल्या पट्ट्यात पाच वर्षांत सगळी जमीन बिल्डरकडे जाईल. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझं मत असं की नजराणा पूर्ण रद्द करावा, जमीन वर्ग १, म्हणजे बिनशर्त मालकीची करावी, आणि विक्रीच्या वेळी बाजारभाव लेखी सांगणारा आणि स्वतंत्र वकिलाचा सल्ला मोफत देणारा टप्पा कायद्यात असावा. नजराण्यात निम्मा वाटा घेणाऱ्या सरकारला संरक्षक म्हणवून घ्यायचा अधिकार उरत नाही. ही मागणी घेऊन डाव्यांच्या मोर्चात गेलात तर कुणी अडवणार नाही, आणि तिच्या मुळाशी असलेलं तत्त्व अस्सल लिबर्टेरियन आहे.

आता आजोबांच्या जमिनीकडे येते. कूळ कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारं कूळ कायद्याने खरेदीदार मानलं गेलं. मग त्या कायद्याच्या कलम ३२ ग खाली चौकशी होऊन किंमत ठरायची, आकाराच्या २० ते २०० पटींच्या आत. म्हणजे जमीन फुकट मिळाली नव्हती, पण किंमत बाजाराची नव्हती आणि विकणाऱ्याची संमती तर नव्हतीच. यावर मरे रॉथबार्ड वाचा. करांच्या बाबतीत त्याच्याइतका कडवा लिबर्टेरियन शोधूनही सापडणार नाही. पण जमिनीबद्दल त्याचं म्हणणं स्वच्छ आहे. जमीनदाराचा हक्क जर राजाच्या सनदेतून किंवा लढाईतून आला असेल आणि त्या जमिनीत त्याने कधी श्रम घातलेच नसतील, तर तो हक्क मुळात हक्कच नाही. जमीन कसणाऱ्याची. तिथे जमीन काढून घेणं ही मालमत्तेवरची धाड ठरत नाही. ती चोरीचा माल परत करण्याची कारवाई ठरते. गुलामगिरी संपल्यावर मळे गुलामांच्याच नावावर व्हायला हवे होते, असंही तो म्हणतो.

तेव्हा आजोबांच्या जमिनीचा मूळ मालक कोण होता ते शोधा. इनामदार किंवा जहागीरदार असेल तर रॉथबार्डच्या हिशोबाने तुमचे आजोबा आधीपासूनच मालक होते, सरकारने कागद उशिरा केला इतकंच. पण मूळ मालक नोकरीतल्या बचतीतून दोन एकर घेतलेला शिक्षक असेल, तर उत्तर अवघड होतं. कायद्याने विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांसाठी ही खरेदी पुढे ढकलली होती, पण जहागीर आणि कष्टाची दोन एकरं यांत भेद करायचं काम त्याने पुरेसं केलं नाही, असं मला वाटतं. आणि दुसरं, जे डावेही कमी बोलतात: पीकपाहणीला ज्याचं नाव कूळ म्हणून लागलं त्याला जमीन मिळाली. त्याच्या हाताखाली राबणाऱ्या भूमिहीन गड्याला काही मिळालं नाही. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व शेवटपर्यंत ताणलं असतं, तर अनेक कुळांनाही त्याने प्रश्न विचारले असते.

इथपर्यंत लिबर्टेरियन विचाराने डाव्यांना बळ दिलं. आता उलट बाजू. डाव्यांनी लिबर्टेरियनांना विचारलेला सगळ्यांत टोकदार प्रश्न राजीखुशीबद्दल आहे, आणि तो मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वारंवार पाहते.

वडील वारतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राहिलेल्या शंकाही दूर केल्या. वारसनोंदीला बहिणींची नावं लागतात. मग काही दिवसांतच भाऊ सगळ्यांना गाडीत घालून हक्कसोडपत्राला घेऊन येतो. मोबदला काही नसतो. फोटो, अंगठा, दोन ओळखदार. अधिकारी विचारतो, राजीखुशीनं देताय ना? बहीण मान हलवते. एकदा एका पक्षकार बाईंना मी बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या वाट्याचे आज लाखांत पैसे होतात, माहीत आहे ना? त्या म्हणाल्या, ‘‘माहिती हाय की बाई. पण पंचमीला यायला एक उंबरा राहायला पाहिजे. जमीन घेऊन कुणाच्या दारात जाऊ?’’

कायद्याने ही संपूर्ण स्वेच्छा आहे. मारहाण नाही, धमकी नाही, फसवणूक नाही. नॉझिकची दुसरी पायरी पार. पण ज्या माणसासमोर एकीकडे हक्क आणि दुसरीकडे माहेर ठेवलंय, त्याने केलेली निवड किती मोकळी? जी. ए. कोहेन या मार्क्सवादी तत्त्वज्ञाने आयुष्याची बरीच वर्षं याच प्रश्नावर घालवली. स्वतःवरची मालकी कागदावर सगळ्यांकडे सारखी असते, पण ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याला ती वापरताच येत नाही, हा त्याचा आक्षेप. मला तो पटतो. बीडहून येणाऱ्या ऊसतोड जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हाही राजीखुशीचाच करार असतो, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा कोयता उचलावाच लागतो.

यावर लिबर्टेरियनांकडून आलेलं सर्वांत चांगलं उत्तर मला पुस्तकात नव्हे, शरद जोशींच्या चळवळीत दिसतं. जोशी मूळचे साताऱ्याचे. १९८० च्या चाकण कांदा आंदोलनापासून त्यांचं म्हणणं एकच, शेतमालाच्या बाजारातून सरकारने हात काढावा. आर्थिक बाबतीत त्यांना डावं कुणीच म्हणणार नाही, आणि १९९४ मध्ये त्यांनी काढलेला स्वतंत्र भारत पक्ष खुल्या बाजाराचाच होता. पण १९८६ मध्ये चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: नवऱ्याने जमिनीचा तुकडा स्वेच्छेने बायकोच्या नावावर करायचा. कायदा नाही, सक्ती नाही. गावोगावी लोकांनी सातबारे बदलले. घरधनिणीच्या श्रमावर जमीन उभी आहे, मग ती जमीन तिची देणेकरी आहे, हा युक्तिवाद मालमत्तेच्या हक्काचाच आहे, आणि तो डाव्या स्त्रीवादी बाईलाही जसाच्या तसा मान्य व्हावा. हे काम नुसत्या आवाहनावर पूर्ण होत नाही, तिथे १९९४ चा कायदा लागलाच, असं माझं मत आहे. पण आवाहनाने जे होऊ शकलं ते कमी नव्हतं. तुमच्या आत्यांची नावं आजोबांच्या सातबाऱ्यावर आहेत का, आणि नसतील तर कुठल्या फेरफाराने गेली, हे एकदा पाहून घ्या. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कागदात असेल.

सरकारने दिलेल्या मक्तेदारीचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात वेगळा शिकवावा लागत नाही. दोन साखर कारखान्यांत किमान हवाई अंतर केंद्राच्या आदेशाने १५ किलोमीटर, महाराष्ट्रात ते २५ आहे. परवाना पद्धत १९९८ मध्ये गेली, पण अंतर राहिलं. रंगराजन समितीने २०१२ मध्ये ते काढा म्हणून सांगितलं, तरी राहिलं. ऊस तोडल्यावर तासातासाला वजन आणि उतारा घटतो, तो फार लांब नेता येत नाही. म्हणजे ज्याच्या हद्दीत रान, त्याच्या काट्यावर ऊस. लिबर्टेरियन म्हणतो एफआरपी हा उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव आहे, तो नको. डावा म्हणतो एफआरपी हा शेतकऱ्याचा किमान हक्क आहे, त्याला हात लावू नका. माझं म्हणणं, क्रम महत्त्वाचा. जोवर अंतराची अट स्पर्धा अडवते आहे, तोवर एफआरपी काढणं म्हणजे शेतकऱ्याचे हात बांधून त्याला बाजारात उभं करणं. आधी अंतर काढा, मग भावाचं बोलू. इथे खरा लिबर्टेरियन आधी कारखानदाराचं संरक्षण काढायला सांगेल. जो आधी शेतकऱ्याचं काढायला सांगतो, त्याच्या स्वातंत्र्यप्रेमावर विश्वास ठेवू नका.

कोल्हापुरातलं टोलचं आंदोलनही आठवा. शहरातले रस्ते खासगी कंपनीने बांधायचे आणि ३० वर्षं टोल घ्यायचा, असा करार झाला. विरोधाच्या पुढे एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे, दोघेही पक्के डावे. मागे व्यापारी, रिक्षावाले, तालमी, सगळे पक्ष. जानेवारी २०१४ मध्ये लोकांनी टोलनाके पेटवले. २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल रद्द केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पानसरेंना गोळ्या घातल्या गेल्या, विजय बघायला ते राहिले नाहीत. रस्ता ही सगळ्यांची वस्तू, तिच्यावर नफा नको, हा डाव्यांचा मुद्दा. रस्त्यावर चालणाऱ्याला न विचारता ३० वर्षांचा मक्ता वरच्या वर कसा दिला, हा लिबर्टेरियनाचा मुद्दा असू शकतो. एकाच मोर्चात दोघे चालू शकतात. पण नंतरचा प्रश्न त्यांना वेगळं करतो: कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे ज्याने कोल्हापूर कधी पाहिलंही नाही अशा गडचिरोलीच्या माणसाच्या पैशातून, का द्यायची? डाव्यांनी या प्रश्नाला नीट उत्तर दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दोन्ही विचार एकत्र नांदताना बघायचे असतील तर पुरंदरला जायला हवं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी नायगाव भागात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा एक भाग सभासदांनी स्वतः घालायचा आणि पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारा, स्वतः नेमायचा. आजच्या विद्यापीठांत हिलेल स्टायनर, पीटर व्हॅलेंटाइन, मायकेल ओत्सुका ज्याला डावा लिबर्टेरियन विचार म्हणतात, तो हाच. स्वतःच्या श्रमावर पूर्ण मालकी, आणि निसर्गाने दिलेल्या वस्तूंत प्रत्येकाचा सारखा वाटा. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानेही जमीन कुंपणात घेताना अट घातली होती की इतरांसाठी तितकंच आणि तितकंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. पंचगंगेच्या किंवा भोगावतीच्या काठावर मोटार बसवून बारमाही ऊस पिकवणाऱ्यांनी ती अट कधी वाचली असती, तर आमच्याकडची उपसा योजना वेगळी दिसली असती. इथे पाणी जमिनीच्या मागे जातं, आणि ज्याला जमीन नाही त्याला नदी असून नसल्यासारखी.

सहकारही असाच जुळण्याचा प्रदेश असायला हवा होता. लोकांनी आपणहून एकत्र यायचं, भाग भांडवल घालायचं, एकाला एक मत. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था काढणं हा मूलभूत हक्कही झाला. पण ज्या संस्थेत सरकारचं भांडवल आणि हमी असते आणि जिथे मंत्रालयातून प्रशासक नेमता येतो, ती स्वेच्छेची संस्था राहत नाही. आमच्या डाव्यांनी या बाबतीत फार काळ गप्प राहून मोठं नुकसान केलं. सभासदाचं स्वातंत्र्य हा आपला विषय आहे, हे त्यांना वाटलंच नाही.

आता न जुळणाऱ्या गोष्टी. उत्पादनाची साधनं सरकारच्या मालकीची व्हावीत, हे ज्यांचं डावेपण आहे, त्यांच्याशी लिबर्टेरियनाचं जमणार नाही, आणि प्रयत्नही करू नये. कमाईवरचा कर म्हणजे वेठबिगारीच, असं नॉझिक म्हणतो, तिथे मी त्याच्याबरोबर जात नाही. वेठबिगाराला निघून जायची सोय नव्हती आणि काम निवडायची मुभा नव्हती. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या उपचारासाठी माझ्या फीतून कर घेतला जातो, त्याला वेठ म्हटलं तर ज्यांनी खरी वेठ भोगली त्यांचं भोगणं हलकं होतं.

आणि एक प्रश्न, जिथे दोन्हीकडे ताण पडतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड, जो त्या काळी लहान नव्हता. शुद्ध लिबर्टेरियनाला ही सक्ती टोचते. पण मूल हे पालकाची मालमत्ता नाही, तेही स्वतःचं मालक होणार आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याचा अंगठा कुठल्या कागदावर उमटतोय हे त्याला कळत नाही, आणि न कळता दिलेल्या अंगठ्यावर कुठलाही करार न्याय्य ठरत नाही. म्हणजे ही सक्ती पुढच्या सगळ्या राजीखुशीची पूर्वअट आहे. त्याच महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, तिथे सक्ती काढली. एका ठिकाणी घातली आणि एका ठिकाणी काढली, पण दोन्हीकडे माणूस मोकळाच झाला.

शेवटी वारशाचा प्रश्न, कारण तुम्ही विचारला नसला तरी या वाटेने जाणाऱ्याला तो लागतोच. माणूस मेल्यावर त्याची मालकी कुणाची? स्टायनर म्हणतो, मृताला हक्क नसतात, तेव्हा त्याची मिळकत पुन्हा सगळ्यांची. टॉमस पेन या विचारवंताने १७९७ मध्ये याहून मवाळ योजना दिली होती: वारशावर कर घ्या, त्यातून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्या, दान म्हणून नाही तर जमिनीतल्या त्याच्या नैसर्गिक वाट्याची भरपाई म्हणून. भारतात १९५३ पासून संपदा शुल्क, म्हणजे मृताच्या मिळकतीवरचा कर, होतं, ते १९८५ मध्ये बंद झालं. नॉझिकवादी म्हणतील, देणाऱ्याने राजीखुशीने दिलं, मधे पडू नका. मी वर्षानुवर्षं वाटणीचे दावे पाहिल्यावर पेनच्या बाजूची झालेय. राहतं घर आणि एका कुटुंबाला कसता येईल इतकी जमीन सोडून, त्यावरच्या मोठ्या वारशावर कर असावा, आणि तो पैसा सरकारी खात्यात न मुरता थेट अठरा-एकवीस वर्षांच्या मुला-मुलींच्या नावावर जावा. सरकारने तो स्वतः खर्च करू नये ही माझ्यातल्या लिबर्टेरियनाची अट आहे, आणि मुलींच्या नावावरचा पैसा त्यांच्या सहीशिवाय कुणाला काढता येऊ नये ही वकील म्हणून माझी.